मिठाचं पाणी

बुधवार, १७ एप्रिल १९९६. बारामती.

मेघना, हे तू वाचशील तेव्हा त्यातलं निम्मं तुला आठवणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. चुलीवर दूध ठेवून तू पाळण्याशी गाणं म्हणत बसतेस आणि उतू गेल्यावर मलाच विचारतेस, आत्या, दूध कुणी ठेवलं होतं? असल्या विसराळू सुनेच्या भरवशावर मी काय ठेवणार? म्हणून लिहून घेते.

लिहून घेते म्हणजे माझा तर अंगठा. हात चालतो तो रेश्माचा. शेजारच्या खाटेची, अंथुर्ण्याची, बारावीपर्यंत शिकलेली पोर आहे. तिची सात महिन्यांची लेक जुलाबानं सुकून गेली होती, आता सलाइनवर जरा डोळे उघडते. आमचा करार असा, की तिनं लिहायचं आणि तेवढा वेळ लेक माझ्या मांडीवर. मी न्हाय म्हटलं की ती नाही लिहिते, हाय म्हटलं की आहे. म्हटलं लिही तसं, या वयात माझी जीभ तेवढी शाळेत जाऊन येईल.

वही डॉक्टरीणबाईंनी दिली. वीस खाटा आणि सिस्टर एकटी, म्हणून ज्यानंत्यानं आपल्या लेकराचं लिहून ठेवायचं. ताप किती, दूध किती, लघवी किती वेळा, श्वास किती. ते सगळं पुढून. माझं हे मागून, वही उलटी धरून. पुढचं त्यांचं, मागचं माझं. तुला द्यायचं की नाही ते मी मागनं ठरवीन.

तर झालं ते असं. रविवारी जयंतीला वस्तीवर सरबत वाटलं. आपल्या संघपालनं तीन पेले रिचवले, दोन वर्षांचं पोर, पोटाचा नगारा झाला. सरबताची रिकामी बाटली जाड काचेची, चांगली होती, तू ती धुऊन ठेवलीस. सोमवारी रेशनचं रॉकेल आलं. बाटली भरली गेली, चुलीपाशी ठेवली गेली. तू बाराव्या दिवसाची बाळंतीण, आतल्या खोलीत. माझा लेक बुद्धघोष एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर, ड्युटीला. मी शेळीला पाला टाकून येते तर हा गडी बाटली दोन्ही हातांनी धरून ठसकतोय, झबलं निळं झालेलं. रेशनचं रॉकेल निळं, आदल्या दिवशीचे झेंडे निळे. त्याला वाटलं असेल, आज सरबत दुसऱ्या रंगाचं आलंय.

हातपाय गाळून बसणारी बाई मी नाही, ते आपल्या वरकुट्यात कुणालाही विचार. सावळाराम बायकोशी भांडून फवारणीचं औषध प्यायला होता, तेव्हा त्याला कुणी वाचवलं? मी. तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ आणि घशात दोन बोटं. सावळाराम अजून जिवंत आहे आणि माझं खुरपं अजून परत केलेलं नाही. तेव्हापासून कुणाच्या पोटात काही गेलं की माणसं आधी माझ्या दारात येतात, मग दवाखान्यात जातात. तेच मी नातवाचं केलं. पेलाभर मिठाचं पाणी, वर बोट. दोनदा. भडाभडा काढलं सगळं, निळंच्या निळं. तू आतून एकसारखी ओरडत होतीस, आत्या, नका, तसंच न्या त्याला. बाळंतिणीनं एवढं ओरडू नये, टाके ओढतात.

रेश्मानं इथं हात थांबवला आणि माझ्याकडं बघत बसली. म्हटलं, काय गं, शाई संपली? म्हणाली, न्हाय आजी, तुमी बोला.

सर्जेरावचा दुधाचा टेम्पो प्लँटवरून रिकामा परत आला होता, त्यातच बसलो. वाटेत एका दवाखान्यात थांबलो. तिथं ऑक्सिजनचं नळकांडं होतं, पण तोंडावर लावायची वाटी मोठ्या माणसाची. संघपालच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलं आणि बाजूनं हवा फुसफुसत राहिली. तिथला माणूस म्हणाला, लेकराच्या मापाची आमच्याकडं नाही, बारामतीला न्या. त्यांची गाडी दारात उभी होती. ड्रायव्हर भाच्याच्या लग्नाला गेलेला. मग पुन्हा आपला टेम्पो, पुन्हा ते रिकामे कॅन एकमेकांवर आपटताहेत, आणि पोराचा श्वास त्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून मी त्याच्या छातीला कान लावून बसलेली. बारामती येईपर्यंत कान काढला नाही.

टेम्पोतनं उतरताना सर्जेरावनं बजावलं, "ताईबाई, तितं जास्त बोलू नका. इषाची केस म्हटलं की पोलीस येत्यात. पोरानं पिलं, आमी आणलं. बास."

म्हणून डॉक्टरीणबाईंनी उलटी झाली का विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. त्यांनी तसं लिहून घेतलं. पोट साफ करून आणलंय, आता उलटी झाली काय आणि न झाली काय, सारखंच.

गुरुवार, १८ एप्रिल

त्याच्या डोक्यावर प्लास्टिकची पेटी ठेवलीय, आरपार दिसणारी. आत ऑक्सिजनची नळी. चतकोर भाकरी झाकावी तसं डोकं झाकलंय. मी बाहेरून टिचकी मारली तर डोळे फिरवले, हसला नाही. न हसणारं ते पोर नाही.

श्वास मोजायचं काम माझं. रेश्मानं तिचं मनगटी घड्याळ दिलं, लांब काटा एक फेरा मारेपर्यंत मोजायचं. मला वीसपर्यंत येतं. वीस झाले की एक बोट मिटायचं आणि पुन्हा एकपासून. आमच्या आईनं असंच शिकवलं, कोंबड्यांपासून माणसांपर्यंत सगळं विसांत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी, किती? म्हटलं, तीन विसा आणि चार. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि चौसष्ट लिहिलं. संध्याकाळी फिरतीला आल्या तर लांबूनच म्हणाल्या, काय आजी, किती विसा?

तीन विसा आणि आठ. वाढलेत.

मला बसवत नाही. खाटेपासून गेटपर्यंत जाते, गेटपासून खाटेपर्यंत येते. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, मावशी, काही हरवलंय का? म्हटलं, व्हय, ढुंगण टेकायची जागा. हसला बिचारा आणि स्वतःचं स्टूल दिलं. त्यावरही बसवलं नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल

डबा आला. तुझा डबा बरोबर येतो, तेवढं एक तू विसरत नाहीस. सर्जेराव सकाळच्या दुधाबरोबर प्लँटच्या गेटवर देतो आणि ड्युटी सुटली की बुद्धघोष मोटारसायकलवर घेऊन येतो. भाकरी, वांगं, कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी. एवढ्या पळापळीत चटणी कुटायला तुला कुणी सांगितलं होतं?

आज डॉक्टरीणबाईंनी बुद्धघोषला धरलं. एक्स-रे खिडकीला लावून दाखवला. दोन्ही बाजू पांढऱ्या, जसा काही आत कापूस भरलाय. त्यांचं म्हणणं असं, की घोट-दोन घोट रॉकेल प्यायलं, ठसका लागला, उलटी नाही, तर फुप्फुसं एवढी खराब व्हायला नकोत. बाटलीत आणखी काही होतं का? फवारणीचं औषध, रंगाचं पाणी, काहीही? पाच-सहा वेळा विचारलं, वेगवेगळ्या तोंडानं. मला पण विचारलं. मी म्हटलं रॉकेलच होतं. त्यांना पटलं नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

बुद्धघोष खाली जिन्यात आला आणि म्हणाला, "मेघनानं ती बाटली धुतलीच नसंल. कुठली कुठली बाटली उचलली आन् भरली."

मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला. तहानलेल्या माणसाला आणखी काय बोलणार.

डब्यात तुझी चिठ्ठी होती. रेश्मानं वाचली. आत्या, तुम्ही जेवत जा. त्याला सांगा, घरी बहीण त्याची वाट बघते. एवढंच. बाटलीचं काही नाही.

तीन विसा आणि अकरा. हे पान तुला दाखवायचं नाही.

शनिवार, २० एप्रिल

आज एक बाई आली, इंदापूरची मुक्ताबाई. काखेत तीन वर्षांची पोरगी, पायात चप्पल नाही, एसटीतनं तशीच उतरलेली. पोरीनं स्टोव्हजवळचं रॉकेल प्यायलं म्हणे. मी लगेच पुढं झाले, मला काय, आता अनुभव आहे. विचारलं, मीठ पाजलं का? ती रडतच म्हणाली, "सुचलंच न्हाय मावशी. उचलली आन् पळाले."

मी मनात म्हटलं, ही आजकालच्या पोरींची तऱ्हा. पोरगी विष पोटात घेऊन एवढा रस्ता आली आणि आईला मिठाचा डबा आठवला नाही. मी असते तर दारातच मोकळी केली असती. हे मी रेश्माला बोलून पण दाखवलं. तिनं लेकीचं दुपटं झटकलं, घडी घातली, पुन्हा झटकलं, पुन्हा घडी घातली. आज लिहायला बसायला पण तिनं वेळ लावला.

त्या पोरीला आमच्या समोरची खाट मिळाली. पेटी नाही, नळी नाही. पाय हलवत पडलीय आणि आईच्या बांगड्या मोजतीय. मी दोन्हीकडं बघते. इकडं तीन विसा आणि नऊ. तिचे मोजले तर दीड वीस पण भरेनात.

माझी मोजणी चुकली असेल म्हणून तीनदा मोजले.

रविवार, २१ एप्रिल

मुक्ताबाईची पोरगी घरी गेली.

एक रात्र ठेवली, सकाळी छातीला नळी लावून ऐकलं, एक्स-रे बघितला आणि सोडली. डॉक्टरीणबाई तिला काय म्हणाल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण मी तेव्हा दोन्ही खाटांच्या मधेच उभी होते. म्हणाल्या, "उलटी काढायला गेला नाहीत, फार चांगलं केलंत. लोक मीठ पाजतात आणि घात करतात." मुक्ताबाईला त्यातलं काय कळलं कोण जाणे, ती नुसती हात जोडत होती. जाताना माझ्या पाया पडली. माझ्या. म्हणाली, मावशी, तुमच्या पण नातवाला लवकर बरं वाटू दे.

त्यानंतर मी गेटपर्यंत किती वेळा गेले ते विसांत सांगता येणार नाही.

मी म्हणते, हे कसं असेल? पोटात घाण गेली, घाण बाहेर काढली, तर घात कसा? सावळारामचं मग काय? सावळाराम तर माझ्या डोळ्यांसमोर उठून बसला होता. का त्याचं औषध वेगळं आणि हे वेगळं? का तो बारा गावचं पाणी पचवलेला बाप्या आणि हे दोन वर्षांचं पोर? मी रेश्माला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, आजी, डॉक्टरला विचारा. म्हटलं, मी तुला विचारते. ती म्हणाली, "म्या बारावी केली ओ, डॉक्टरकी न्हाय."

दुपारी बुद्धघोष वरकुट्याहून आला. म्हणाला, मेघना जेवत नाही, बाळाला दूध पुरेना. त्यानं तुला बाटलीचं विचारलं. तू म्हणालीस, व्हय, मीच धुतली होती, मीच ठेवली होती. पुढं तोंड उघडलं नाहीस. पाहुणे म्हणताहेत, हिला काही दिवस माहेरी लावा, हिचं घरात ध्यान नाही. आणि हा माझा शहाणा लेक मला विचारतो, आई, लावू का?

मी म्हटलं, पोरगं आधी घरी येऊ दे. असं म्हटलं. दुसरं काय म्हणायचं ते जिभेवर आलेलं मी परत गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी सांगितलं, ताप हटत नाही. पोटात नेमकं काय गेलंय तेच कळत नसेल, तर इथं ठेवून जोखीम नको. उद्या दुपारी पुण्याला हलवू. मी विचारलं, वाटेत ही पेटी असेल? म्हणाल्या, पेटी नाही, गाडीत नळकांडं असेल, वाटी असेल. मी विचारलं, कुणाच्या मापाची? म्हणाल्या, बघते आजी, लहान मिळते का.

मला तो टेम्पो आठवला. ते कॅन. त्याची छाती.

सोमवार, २२ एप्रिल

सकाळी फिरती आली तेव्हा मी उभीच होते. डॉक्टरीणबाईंनी पुढची पानं वाचली, ताप, दूध, लघवी. मी तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. साठ वर्षं हे तोंड बंद झालेलं कुणी बघितलेलं नाही. मग रेश्माला म्हटलं, "वही उलटी कर. पयलं पान वाच."

ती म्हणाली, आजी, सगळं? म्हटलं, सगळं. सावळाराम पण.

तिनं वाचलं. जयंतीपासून. बाटली धुतली, बाटली भरली गेली, ठेवली गेली. मूठभर मीठ. बोट. दोनदा. सर्जेराव काय म्हणाला, मी काय सांगितलं. डॉक्टरीणबाई नळी गळ्यात तशीच ठेवून ऐकत होत्या, सिस्टरच्या हातात औषधाचा ट्रे. माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला ते एका फुशारकी मारणाऱ्या म्हातारीचं वाटलं. मधे एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा, ते परत वाचा. रेश्मानं ते परत वाचलं, तू आतून ओरडत होतीस ते.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाटली भरली गेली म्हणजे? कोणी भरली?"

"म्या," म्हटलं. "ती बाळंतीण. ती कुठली उठतीया. भरली म्या, चुलीपाशी ठेवली म्या, पाजलं बी म्याच."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या संघपालच्या खाटेवर टेकल्या, त्या कधी टेकत नाहीत. म्हणाल्या, "आजी, रॉकेल पोटात गेलं तर पोट ते बहुतेक निभावून नेतं. वर येताना ते श्वासाच्या नळीत शिरतं. तुम्ही ते दोनदा वर आणलंत. आणि पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी इतके दिवस दुसरं विष शोधत बसले नसते."

मी विचारलं, म्हणजे माझ्यामुळं? त्यांनी व्हय पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. म्हणाल्या, आता कळलं ना, आता मला माझं काम करू द्या. मी विचारलं, पोलीस? त्या म्हणाल्या, पोलिसांना कळवलंय मी पहिल्याच दिवशी, तो नियमच आहे. त्यांनी बुद्धघोषचा जबाब पण घेतला, ड्युटीवर जाऊन. सर्जेरावच्या त्या भीतीपायी मी आठ दिवस जीभ चावून बसले होते आणि पोलीस येऊन चहा पिऊन गेले होते.

पुण्याची गाडी त्यांनी थांबवली. म्हणाल्या, काय झालंय ते आता स्पष्ट आहे, हे इथं होण्यासारखं आहे, दोन दिवस बघू. औषध बदललं.

मग मी रेश्माला म्हटलं, "तुला बुधवारीच कळलं व्हतं."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं वहीवरनं मान वर केली नाही. "माजी लेक तुमच्या मांडीवर व्हती, आजी."

हे पण लिही म्हटलं. तिनं लिहिलं.

तीन विसा आणि सहा.

बुधवार, २४ एप्रिल

दोन विसा आणि अकरा. डॉक्टरीणबाईंनी स्वतः मोजले आणि माझ्याशी ताडून बघितले. आता त्यांना पण विसांत येतं.

काल बुद्धघोषला सांगितलं. मोटारसायकल लावायच्या जागेत, लोकांसमोर नको म्हणून. बाटली मी भरली, पाणी मी पाजलं, खोटं मी बोलले. तो गाडीचा आरसा शर्टाच्या बाहीनं पुसत राहिला, एवढा पुसला की त्यात माझं तोंड स्पष्ट दिसायला लागलं. मग किक मारली आणि प्लँटवर न जाता वरकुट्याच्या रस्त्याला लागला. ड्युटी बुडवली. तो तुझ्याशी काय बोलला ते मला माहीत नाही. आज परत आला तो डोळे सुजवून आणि डबा घेऊन. मी विचारलं, जेवली का ती? म्हणाला, जेवली.

सर्जेराव पण भेटून गेला. त्याला मी चार गोष्टी सुनावल्या, पण दोनच सुनावल्या असं धर, कारण भित्रा असला तरी टेम्पो त्यानंच पळवला. त्यानं सांगितलं, सोनारांच्या गल्लीत कुणाच्या तरी पोरानं काहीतरी गिळलं आणि माणसं माझं घर विचारत आली होती. म्हटलं, मग? तो म्हणाला, बटण गिळलं होतं, सकाळी निघालं. मी भिंतीला टेकले.

सर्जेरावला सांगितलंय, सावळारामला निरोप दे. गावात सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्यानं देवळापाशी, समाजमंदिरापाशी, डेअरीवर, तिन्हीकडं सांगायचं, ताईबाईनं मिठाचं पाणी बंद केलंय. रॉकेल पोटात गेलं की पोर उचलायचं आणि सरळ दवाखाना. उलटी नाही, बोट नाही, काही नाही. आणि माझ्या दारात थांबायचं नाही, मी घरात असले तरी. सावळाराम विचारेल, मग मी कसा वाचलो? त्याला म्हणावं, डॉक्टरीणबाईंना मी ते पण विचारलं. त्या म्हणाल्या, नशीब. खुरपं परत कर म्हणावं.

शुक्रवार, २६ एप्रिल

पेटी काढली. एक वीस आणि सोळा. संघपालनं उठून बसून पहिली गोष्ट काय केली असेल? समोर औषधाची बाटली होती, नारंगी. तिच्याकडं बघून त्यानं तोंड माझ्या पदरात खुपसलं. सिस्टर चमच्यात ओतून दाखवते, गोड आहे म्हणते, तो मान वर करत नाही. मग मी वाटीत घेतलं, वाटीतून प्यायला. पिऊन हसला. रेश्मा म्हणाली, आजी, हसला. मी म्हटलं, दिसतंय मला, लिही.

रेश्माला उद्या सोडणार. लेक अजून गुबगुबीत नाही पण रडते ठणठणीत. म्हणजे माझा हात उद्यापासून अंथुर्ण्याला. पुढची पानं डॉक्टरीणबाईंनी कापून घेतली, नव्या सिस्टरांना दाखवायची म्हणाल्या. एका पानावर विसा होते, ते बघून हसल्या. मागची पानं राहिली, ती आजच्या रिकाम्या डब्यातून तुझ्याकडं येतील. मागच्या शुक्रवारचं पान फाडायचं म्हणत होते, रेश्मानं फाडू दिलं नाही.

मेघना, पहिल्या पानावर मी तुला विसराळू म्हटलंय, ते तसंच राहू दे, खोडायला सांगितलं तर रेश्मा हसेल. दूध तू विसरतेस, हे खरंच आहे. पण बाटली कुणी भरली ते तू विसरली नव्हतीस. पाणी कुणी पाजलं ते पण नाही. नवऱ्यासमोर, पाहुण्यांसमोर, एवढ्या दिवसांत एकदा तरी गप्प राहायचं विसरून माझं नाव घ्यायचं होतंस. आल्यावर यावरून मी तुझ्याशी भांडणार आहे, तयारीत राहा. माहेरी जायचं असेल तर बाळाचं कौतुक करून घ्यायला जा, चार दिवस. मी बघते घर.

आता डब्याचं ऐक. उद्या संघपालला भात दे, बोटानं दाबला की पीठ होईल एवढा मऊ, वर मुगाचं पातळ वरण, मीठ नावाला. माझ्यासाठी भाकरी आणि ती चटणी, जास्त दे, सिस्टर पण खातात. दोघांना ताक हवंय, उन्हाचं. ताक किटलीत घाल, झाकणाला फडकं बांध आणि सर्जेरावच्या हातात उभी दे. बाटलीत पाठवू नकोस.